प्रतीक्षामर्यादा

‘अनिमिष’ यानाच्या परीक्षाकक्षात अकराशे चौदा परीक्षा एकामागून एक हिरव्या होत गेल्या, तेव्हा कालिंदीबाई परचुरे यांना जराही समाधान वाटले नाही. एखादी तरी तांबडी झाली असती तर त्यांना बरे वाटले असते.

बाई यानाच्या दर्शनपटाच्या परीक्षक होत्या. तेवीस माणसे नऊ वर्षे शीतनिद्रेत होती, प्रत्येक जण आपापल्या काचेच्या कुपीत. आणि जागे असलेल्या तिघांना त्यांची खबर देणारा डोळा एकच, तो म्हणजे हा दर्शनपट. महिन्यातून एकदा प्रत्येक कुपी किंचित उबवली जाई, निद्रिस्ताच्या मनगटाला विजेचा अगदी हलका स्पर्श होई, आणि त्याच्या मेंदूकडून उलट काही स्पंदन येते का, याची वाट पाहिली जाई. या स्पर्शाला यानावर ‘हाक’ म्हणत. उत्तर आले तर पटावर नावापुढे हिरवा ठिपका उमटे. चाळीस मिनिटांत न आले तर तांबडा. लागोपाठ तीन हाकांना तांबडा ठिपका आला की ते माणूस गेले असे धरून कुपी आपोआप बंद होई आणि तिचा ऊर्जेचा वाटा इतरांकडे वळे. बंद होताना कुपीतला रक्षक द्रव काढून घेतला जाई. तो पुन्हा भरता येत नसे.

गेल्या वर्षभरात सात कुप्या बंद झाल्या होत्या. आता उरलेल्यांपैकी बहुतेकांपुढे एकेक तांबडा ठिपका होता, नवव्या कुपीपुढे दोन, आणि नवव्या कुपीत बाईंची धाकटी बहीण होती, इंदुमती.

इंदू बियाण्यांची जाणकार. कुपीत उतरताना तिने काचेवर टिचकी मारून म्हटले होते, “ताई, तुझ्या त्या पडद्यानं मला जिवंतपणी मेलेली ठरवलं ना, तर भूत होऊन तुझ्या मानगुटीवर बसेन.”

“बस की. पन्नास वर्षांत उतरलीस कधी?” असे बाईंनी उत्तर दिले होते, आणि दोघी हसल्या होत्या.

तिसरी हाक दुसऱ्या दिवशी दुपारी द्यायची होती.

यानाचे वैद्य डॉ. इक्बाल मुकादम चहाचे दोन पेले घेऊन आत आले. दापोलीकडचा हा माणूस यानावर चढला तेव्हा त्याची दाढी काळी होती. “सगळ्या हिरव्या! आणि तोंड असं, जशी काही कुणी फाशी सुनावलीय.”

“बसा, डॉक्टर. तुम्हांला एक सांगते. या परीक्षा कशा होतात, ठाऊक आहे?”

“यंत्र घेतं. मला एवढंच ठाऊक.”

“यंत्र घेतं, बरोबर. एक कल्पित बोट पटावरची कळ दाबतं, एक कल्पित निद्रिस्त असतो तो उत्तर देतो, आणि पटावर योग्य ठिपका उमटला की नाही ते यंत्र पाहतं. अडचण अशी की उत्तर लगेच येत नाही. हाक आत्ता, उत्तर केव्हातरी. मधल्या काळात पटानं काय करायचं, हीच तर खरी परीक्षा. पण प्रत्येक वेळी खरीखुरी चाळीस मिनिटं थांबायचं म्हटलं तर अकराशे परीक्षांना महिना लागेल. म्हणून आम्ही घड्याळ धावतं केलं. परीक्षेतली चाळीस मिनिटं पापणी लवते न लवते तोच सरतात.” बाईंनी पेला हातात घेतला, पण ओठांना लावला नाही. “या यानावर पट पसंत होऊन आला, डॉक्टर, पण त्या पसंतीत कुणी एकदाही वाट पाहिलेली नव्हती.”

मुकादमांनी खुर्ची ओढून घेतली.

“आणखी एक आहे,” बाई म्हणाल्या. “चारशे बारावी परीक्षा. हिच्यातला कल्पित निद्रिस्त मी जरा मोकळा सोडला होता. तुमच्या वैद्यमंडळानं मज्जातंतूंच्या मंदपणाचे जे अंदाज दिले होते, त्यांतला कुठलाही एक उचलून तेवढ्या वेळानं त्यानं उत्तर द्यायचं. ही परीक्षा तीनशे वेळा हिरवी व्हायची आणि एकदा तांबडी. पुन्हा चालवली की हिरवी. अशा परीक्षेला आमच्या धंद्यात चंचल म्हणतात, आणि चंचल परीक्षेचा सगळ्यांना राग येतो. तिच्यापायी काम अडतं. मग मी एक नियम केला. चंचल परीक्षा तीनदा चालवायची. तिनांत एकदा जरी हिरवी झाली तरी उत्तीर्ण धरायची.”

“म्हणजे दोनदा नापास झालेला पोर पास?”

“पास. आणि काल मी तिच्या सगळ्या जुन्या तांबड्या नोंदी काढून वाचल्या. परीक्षा चंचल नव्हती हो. प्रत्येक तांबड्या वेळी कल्पित निद्रिस्तानं उत्तर दिलेलं आहे. चाळीस मिनिटांनंतर दिलंय, इतकंच. ती परीक्षा खरं सांगत होती, आणि मी तिला तीनदा विचारून गप्प केलं.”

मुकादमांनी दाढी कुरवाळली. मग एकेक शब्द तोलून म्हणाले, “पहिल्या वर्षी उत्तरं सहा मिनिटांत यायची. पाचव्या वर्षी वीस. थंडी मुरते तसा मज्जातंतू जड होत जातो, आणि प्रत्येकाचा वेगळ्या वेगानं. नवव्या वर्षी किती लागतात ते...”

“ते?”

“ते मला ठाऊक नाही. चाळिसाच्या आत आलेली उत्तरंच तेवढी मी पाहिली आहेत.”

“कारण चाळिसानंतर पट कान मिटून घेतो,” बाई म्हणाल्या. “नंतर आलेल्या उत्तराला शिरायला दारच नसतं.”

वाईला कालिंदीबाईंचे वडील न्यायशास्त्र शिकवीत. अभावाचा पाठ ते ओसरीवर बसून देत, आणि दोघी मुली खांबाआडून ऐकत. जमिनीवर घट नाही, हे कशावरून जाणावे? तो दिसत नाही यावरून. पण अंधारात घट दिसला नाही, तर तो नाही असे म्हणता येते का? येत नाही. घट तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी सर्व सिद्धता असूनही जेव्हा तो दिसत नाही, तेव्हाच ते न दिसणे प्रमाण ठरते. वडील याला योग्यानुपलब्धी म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना हात जोडीत. कालिंदीबाईंनी हा पाठ बालपणी मुखोद्गत केला होता. पट तपासताना मात्र त्यांना तो आठवला नव्हता.

दोघे नौकापती नीळकंठ वाळिंबे यांच्याकडे गेले. वाळिंबे शांत, हिशेबी, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मुकादमांकडे वळून विचारले, “सातही कुप्या बंद झाल्यावर देह तुम्हीच तपासलेत ना, डॉक्टर?”

“मीच.”

“काय आढळलं?”

“सातही मृत.”

“म्हणजे पटानं सात वेळा सांगितलं आणि सातही वेळा बरोबर सांगितलं. बाई, तुमचं दुःख मी समजतो. पण ज्याची एकही चूक सापडत नाही त्यावर अविश्वास कसा दाखवू?”

कालिंदीबाईंचा आवाज अगदी खाली आला. “कुपी बंद झाल्यावर तपासले, वाळिंबे. द्रव काढून घेतल्यावर. त्यांतला जिवंत कोण सापडणार होता?”

मुकादमांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा न लावता हातातच धरून ठेवला. मृत म्हणून सात दाखल्यांवर सही त्यांची होती.

“किती वेळ थांबायचं म्हणता?” अखेर वाळिंबे म्हणाले.

“उत्तर येईपर्यंत.”

“ती काही संख्या नव्हे, बाई. कुपी उबदार ठेवायला ऊर्जा जळते. मला संख्या सांगा.”

शेवटी संख्या वाळिंबे यांनीच ठरवली. मुख्य साठ्यातून वीस तास, एकदाच, एकाच कुपीसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी हाक दिली गेली. कालिंदीबाईंनी पटाची प्रतीक्षामर्यादा काढून टाकली होती. चाळीस मिनिटे झाली. तांबडा ठिपका उमटला नाही, नुसती रिकामी जागा राहिली. बाई त्या रिकाम्या जागेसमोर बसून राहिल्या. मुकादम येत, जात. एकदा ते म्हणाले, “काही खा.” एकदा म्हणाले, “बाई, तुमची बहीण लहानपणीही अशीच का? हाक मारली की तासाभरानं ओ द्यायची?” बाई म्हणाल्या, “अर्ध्या तासानं. आणि मग म्हणायची, ऐकू आलं होतं, पण हातातलं काम संपवत होते.”

एकोणीस तास बारा मिनिटांनी हिरवा ठिपका उमटला.

मुकादमांनी टाळी वाजवली. वाळिंबे यांच्यासारख्या माणसानेही टोपी काढली. कालिंदीबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले आणि त्या रडल्या. पण ते रडणे सुखाचे होते ते काही क्षणच. कारण हात खाली येताच त्यांची दृष्टी पटाच्या उजव्या कडेला गेली. तेथे सात नावे करड्या अक्षरांत होती. त्यांतल्या कोणासाठीही एकोणीस तास कोणी थांबले नव्हते.

त्यानंतर खरे संकट उभे राहिले. ते तांबड्या ठिपक्याहून कठीण होते.

“आता कोणतीच कुपी बंद करायची नाही,” मुकादम म्हणाले. “माझ्या हातून तर होणार नाही.”

“मग कुणीच पोचणार नाही,” वाळिंबे म्हणाले. “अजून सहा वर्षांची वाट आहे. साठा सोळांना पुरत नाही. सोळांत काही गेले असणारच. मेलेल्यांना वागवत नेलं तर जिवंतांची ऊर्जा मुक्कामाच्या दोन वर्षं अलीकडे संपेल. कुणाला जागं करून ठेवू म्हणाल, तर हवा आणि अन्न तिघांपुरतंच आहे. कोण जिवंत आहे ते आपल्याला कळलंच पाहिजे.”

“ते कळत नाही,” कालिंदीबाई म्हणाल्या. “उत्तर आलं तर जिवंत हे कळतं. मेलेला हे कधीच कळत नाही. आपण केव्हातरी थांबणं सोडतो, एवढंच होतं.”

“तर मग केव्हा सोडायचं ते ठरवा. परीक्षक तुम्ही आहात.”

हिशेब अवघड नव्हता. मुख्य साठ्याला आता हात लावायचा नव्हता. उरलेल्या सोळांत दर दोन कुप्यांमध्ये एक उष्णकुंभ होता. तो सहा महिन्यांत एकदा भरे आणि त्यात बावन्न तासांची ऊब मावे. दोघांत सारखी वाटली तर प्रत्येकी सव्वीस तास. हाक सहा महिन्यांतून एकदाच, आणि तीन संधी देण्याइतकी ऊब नसल्यामुळे पहिली हाक तीच अखेरची. बाईंनी आपल्या कक्षाची ऊब देऊ केली. पण ती तर महिन्यापूर्वीच कुप्यांकडे वळवली गेली होती, आणि तिघेही लोकरी कपड्यांत वावरत होते.

बाईंनी पटात संख्या लिहिली. मग नियमाप्रमाणे त्या संख्येची परीक्षा रचली, कारण परीक्षेवाचून काहीही पटावर चढवायचे नाही, हा दंडक त्यांचाच होता. मर्यादेची परीक्षा नेहमी दोन पावलांत घेतात. एक पाऊल मर्यादेच्या आत, एक बाहेर. पहिल्या कल्पित निद्रिस्ताने पंचवीस तास एकोणसाठ मिनिटांनी उत्तर द्यावे. अपेक्षित निकाल, हिरवा. दुसऱ्याने सव्वीस तास एका मिनिटाने उत्तर द्यावे. अपेक्षित निकाल, कुपी बंद.

हे दुसरे वाक्य लिहून झाल्यावर त्यांचा हात थांबला. जो उत्तर देतो, तो जिवंत असतो. आपण एक अशी परीक्षा लिहिली आहे की जी जिवंत माणूस मारला गेला तरच उत्तीर्ण होते, हे त्यांना लख्ख दिसले. त्यांनी परीक्षा चालवली. धावत्या घड्याळात सव्वीस तास एका श्वासात सरले, आणि दोन्ही ओळी हिरव्या झाल्या.

शेवटी त्यांनी एक कुलूपही घातले. मर्यादा गाठल्यावर ती वाढवायची तर नौकापती आणि परीक्षक अशा दोघांचा अंगठा पटावर पडला पाहिजे. एकट्याचा चालणार नाही. का, ते वाळिंबे यांनी विचारले नाही.

सहा महिने सरले. हाकांची फेरी सुरू झाली. पहिल्या आठ कुप्यांपैकी उरलेल्या चारांत तिघांनी उत्तरे दिली, कोणी अकराव्या तासाला, कोणी विसाव्या. एकाने दिले नाही. ती कुपी बंद झाली. मग नववी आली.

विसाव्या तासापर्यंत कालिंदीबाई स्वस्थ होत्या. एकविसाव्याला त्यांनी जप सुरू केला आणि तो मध्येच सोडला. चोविसाव्याला मुकादम शेजारी येऊन बसले आणि त्यांनी एकही विनोद केला नाही. पंचविसावा तास सरला. पटावर रिकामी जागा तशीच होती.

पंचवीस तास पन्नास मिनिटांनी वाळिंबे आले. त्यांनी हातमोजा काढून अंगठा पटावर टेकवला.

“बाई, तुमचा द्या. दहा मिनिटं वाढवू.”

“कुणाची दहा मिनिटं?”

“कुंभ दोघांचा आहे. दहाव्या कुपीची दहा कमी होतील. उद्या तिथं पंचवीस तास पन्नास मिनिटं थांबू. दहा मिनिटांनी असा काय फरक पडतोय?”

“चाळीस मिनिटांनी सात माणसं गेली, वाळिंबे.”

“ती तुमची बहीण आहे!” मुकादम ओरडले. “अंगठा टेकवा, कालिंदीताई! आजवर कधी काही मागितलं नाहीत, आता मागा!”

बाईंनी दहाव्या कुपीवरचे नाव वाचले. गुलाब बनकर, पंपदुरुस्ती. या माणसाशी त्या आयुष्यात चार वाक्ये बोलल्या असतील. त्याच्यासाठी यानावर जागे असलेले कोणी नव्हते. त्यांनी दोन्ही हात शालीच्या आत घेतले आणि एकमेकांत घट्ट गुंतवून धरले.

“इंदू,” त्या काचेच्या दिशेने म्हणाल्या, “हातातलं काम आटप ग.”

शेवटची दहा मिनिटे खऱ्या घड्याळाची होती. ती एकेक करून गेली. सव्वीस तास पुरे होताच तांबडा ठिपका उमटला, आणि नवव्या कुपीतला द्रव खाली उतरू लागला. त्याला अकरा मिनिटे लागली. बाई तेवढा वेळ उभ्या होत्या. नंतर मुकादमांनी देह तपासला आणि नकारार्थी मान हलवली. दाखल्यावर त्यांनी सही केली नाही, बाईंनी केली.

मधल्या विश्रांतीनंतर दहाव्या कुपीला हाक गेली. वाळिंबे म्हणाले, “तुम्ही पडून राहा.” बाई पडल्या नाहीत. ज्या जागी इंदूसाठी बसल्या होत्या त्याच जागी त्या बनकरसाठी बसल्या. कारण त्याला मिळणारे प्रत्येक मिनिट कशाच्या मोबदल्यात आले आहे, हे तेथे फक्त त्यांनाच पुरते ठाऊक होते. विसावा तास गेला. चोविसावा गेला. पंचवीस तास पन्नास मिनिटे झाली, आणि वाळिंबे यांनी बाईंकडे पाहून पुन्हा खाली पाहिले.

पंचवीस तास छप्पन्न मिनिटांनी हिरवा ठिपका उमटला.

“जिवंत!” मुकादम खुर्चीतून उठले. “बाई, जिवंत आहे! काल ती दहा मिनिटं घेतली असती, तर हा माणूस आज आपण मारला असता. सहा मिनिटांनी चुकला असता! तुमच्यामुळे वाचला. ऐकताय ना? तुम्ही बरोबर होता.”

कालिंदीबाई ऐकत होत्या. त्या पटाजवळ गेल्या आणि त्या वेळेचे आकडे पुन्हा पुन्हा वाचू लागल्या, जणू परीक्षेची नोंद तपासत आहेत. सव्वीस तासांच्या अलीकडे चार मिनिटे. इतके मंद, इतके जड झालेले स्पंदनही उत्तरच असते, हे आता सिद्ध झाले होते. अलीकडे चार मिनिटांवर जिवंत माणूस असतो, तर पलीकडे चार मिनिटांवर तो का नसावा? इंदूच्या कुपीतला द्रव अकरा मिनिटे उतरत होता.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “मी बरोबर होते हे या ठिपक्यानं सांगितलं. तीही जिवंत असेल, हेही यानंच सांगितलं.”

मुकादमांचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत आला आणि हवेतच थांबला.

अकराव्या कुपीची ऊब सुरू झाली. पटावरचे घड्याळ शून्यावर आले, आणि कालिंदीबाई पुन्हा आपल्या जागी जाऊन बसल्या.